मंग काय झालं वो?

मागच्या कनातीला टेकून
मी बसलो होतो तणसावर, तोंडाला मफलर.
पोस्टरवर माझं नाव आहे, फोटो नाही;
बोथलीटोल्यात मला कोणी ओळखत नाही.

पुढ्यात दोन बाया, एका चादरीत.
एकीच्या केसांत अजून धानाचं कुसळ,
दिवसभर पुंजणं रचून आली असेल.
पहिल्या अंकात ती हसली,
दुसऱ्यात खलनायकाला शिवी घातली,
आणि तिसऱ्यात,
ज्याच्यासाठी मी सारा पावसाळा जागलो
त्या चार पानांच्या संवादाला
झोपली.

वर घराची वाटणी. मोठी सून
रडत होती, शाप देत होती,
मी लिहिलेलं सगळं, एक शब्द न गाळता.
शिट्ट्या पडल्या.
खाली हिचं तोंड उघडं.

पहाटे पडदा पडला. लोक तणस झटकत उठले.
ती डोळे चोळत म्हणाली,
‘मंग काय झालं वो वच्छला? घर वाटलं का?’
‘वाटलं ना.’
‘अना मोठी काई बोलली नाई?’
‘काय बोलते!
मिठाची बरणी आणलन,
जावेच्या पदरात अर्धं मीठ वतलन
अना गेली चूल लिपाले.’

मी नाटकात मीठ कुठेच लिहिलं नव्हतं.
बरणी नव्हती. चूलही नव्हती,
गॅसची शेगडी होती, पुठ्ठ्याची.
वच्छलानं चादरीची घडी घातली
आणि घडीची कड
हातानं दाबत राहिली, दाबत राहिली.
दुसरीनं पुढं काही विचारलं नाही.

त्या रात्री, वैनगंगेपलीकडच्या गावात,
मी चार पानं फाडली.
हिरॉइन भांडली, टाळ्यांचं वाक्य कापता का सर?
मॅनेजर म्हणाला, कंपनी बुडवा.
मी किराण्यातून पाव किलो खडेमीठ आणलं.

प्रॉम्प्टरला काम उरलं नाही, त्यानं बॅटरी विझवली.
मीठ पडतानाही आवाज होतो,
माइकनं तो उचलला तेव्हा मला कळलं.
एक शिट्टी नाही.
दोन हजार माणसं,
आणि कुणाचं तरी पोर खोकलं फक्त.
जमलं की फसलं, अजून ठरवता येत नाही.

आज तिसरं गाव.
बल्लीजवळ एक म्हातारी घोरते आहे,
तिच्या बाजूची जागी.
मी थोडा पुढे सरकून बसलोय,
कानावरचा मफलर काढून.