भौ. ४

बँडचं नाव खारफुटी. चार जणं.
गाणारी लुर्डीना, ड्रमवर प्रज्योत,
गिटार दोघांकडे, त्यातला आग्नेल
बूट काढून ठेवतो आणि अनवाणी वाजवतो.
नाताळापासून मार्चपर्यंत सात गावं:
म्हापसा, वास्को, डिचोली, कुडचडे,
काणकोण, फोंडा, लोटली.
मी सातही ठिकाणी होतो. स्कूटरवर.
डिकीत स्वेटर, दोन पोळ्या
आणि कानात घालायचा कापूस,
जो मी कधीच घातला नाही.

"तीच तर गाणी," बायको म्हणते.
तीच कुठली?
वास्कोला तिसऱ्या गाण्यात मालगाडी शिरली.
लुर्डीना थांबली नाही, शिटीचा सूर पकडून
तिने ओळ वर नेली,
आणि गाडी निघून गेल्यावरही
ती ओळ खाली आलीच नाही.
डिचोलीत पहिल्या रांगेत सरपंच झोपले होते.
कुडचड्यात वीज गेली.
आम्ही सगळे मिळून एकतीस. मोजले मी.
प्रज्योतने खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला
आणि तिचा आवाज पहिल्यांदा
माईकवाचून ऐकला:
केवढासा! घशात खरखर, ओळीच्या शेवटी
श्वास पुरत नाही म्हणून शब्द गिळते.
वाटलं, हे आपण ऐकायला नको होतं.
मग काणकोणला गेलो
त्या गिळलेल्या शब्दांसाठी.

फोंड्याच्या शाळेत मी प्रयोगशाळा सहाय्यक.
बेचाळीस तरफा, नऊ लोलक,
एक सांगाडा, ज्याला डावा हात नाही.
आठ वर्षांपूर्वी खालच्या हॉलमध्ये यांचा पहिला कार्यक्रम.
वायर पोचेना,
तेव्हा आग्नेल जिना चढून आला, अनवाणीच:
"सर, एक्स्टेन्शन बोर्ड आसा?"
मला कुणी सर म्हणत नाही.
दिला.
पाठीवर लाल ऑइलपेंटने माझ्याच हातचं
भौ. ४, काना जरा ओघळलेला.

तो परत आला नाही.
सातही गावांत तो होता,
स्टेजच्या उजव्या कडेला
आग्नेलच्या अंगठ्याजवळ, दिवा लागलेला.
गाणं सुरू होताना सगळे लुर्डीनाकडे बघतात.
मी आधी त्याच्याकडे.

लोटलीहून परतताना
रासईच्या धक्क्यावर शेवटची फेरीबोट.
माझी स्कूटर चढली, मागून त्यांची व्हॅन.
जुवारीवर मिट्ट काळोख,
इंजिन चारच्या ठेक्यात घरघरत होतं, चौथा ठोका जड.
लुर्डीना उतरून कठड्याला टेकली.
गळ्याभोवती मफलर, हातात चोरीसपाव, कागदासकट.
आठ वर्षांत इतक्या जवळून प्रथमच.
दोन हातांवर.

"खंयचे तुमी?"
"फोंड्याचो."
"अरे! आयतारा फोंड्यांत आमचो शो आशिल्लो.
येवपाक जाय आशिल्लें तुमी."

सातही गावं घशाशी आली.
व्हॅनचं मागचं दार अर्धं उघडं,
आत तारांच्या भेंडोळ्यात पालथा पडलेला
तो.
बोट दाखवलं असतं तर पुरलं असतं.
मी म्हणालो, "फुडल्या फावटीं."
ती हसली, अर्धा पाव मोडून पुढे केला.
शनिवार पाळतो मी.
घेतला.
बोटांना लाल तेल लागलं, ते स्कूटरच्या हँडलला,
आणि तोवर दुर्भाट आलं.

मार्चअखेर साठा तपासणी.
मणेरकरबाई चष्म्यावरून वाचतात:
भौतिक, एक्स्टेन्शन बोर्ड, नग चार.
तीन कपाटात दाखवतो.
चौथ्यापुढे दरवर्षीप्रमाणे लिहितो, वापरात आहे.
बाई सही करतात.
त्यांनी कधी विचारलं नाही, कुणाच्या.

पिन सैल झालीय त्याची.
काणकोणला शेवटच्या गाण्यात दिवा मिणमिणत होता,
माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल.
डिकीत स्क्रू-ड्रायव्हर ठेवायला हवा.
ऑक्टोबरात ते सावर्ड्याला आहेत.