टेबलाखालून

कास्त्रोच्या शाळेत माझ्या सरावाचा तिसरा आठवडा.
पाठाचं टाचण रात्रभर जागून काढलेलं,
उद्दिष्टं लाल शाईत.
घंटा झाली, आणि एवारिस्तो टेबलाखाली.

"ये ना रे बाहेर" म्हणून झालं,
आधी गोडीत, मग दटावून,
मग अशा आवाजात, जो माझा मलाच आवडला नाही.
शेवटी मीही शिरले खाली,
स्कर्ट सावरत, गुडघे मोडून.

तिथून वर्ग वेगळाच होता.
बावीस खुर्च्या, अठ्ठ्याऐंशी पाय,
लाकडी जमिनीवर खरखर, खरखर.
छताची ट्यूब गुणगुणत होती
बाटलीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखी.
उभी असताना यातलं काही म्हणजे काही
माझ्या कानावर आलं नव्हतं.

तो पुटपुटला, "आता लाँच येईल."
बऱ्याच वेळानं खाडीत भोंगा वाजला.

बाबा होड्या बांधतात.
फळी वाकत नसली की वाफ देतात, थांबतात.
लाकडाला शिव्या देत नाहीत.
मला देतात, मी घाई केली तर.

रविवारी आईचे जुने लोकरी मोजे कापले,
खुर्च्यांच्या पायांना टोप्या शिवल्या.
चौसष्टावर लोकर संपली.
सोमवारी सहा खुर्च्या तशाच करकरल्या.
एवारिस्तोनं त्या सहाही दाखवल्या, बोटानं,
टेबलाखालूनच,
पण डोकं बाहेर काढून.

उद्दिष्ट साध्य झाले का?
त्या रकान्यात मी लिहिलं होतं:
चाळीस मिनिटं खाली बसले. लाँच नऊ दहाला.

सिन्योरा ओयार्सूननी चष्मा वर सरकवला,
सही तशीच ठेवून विचारलं,
"अजून किती लोकर लागेल?"