काटा

सतरा वर्षं दुसऱ्यांचा कापूस तोलला.
एका दुपारी जिनिंगात गाड्या नव्हत्या,
गंमत म्हणून स्वतःच चढलो:
एक क्विंटल चार किलो.
हमाल हसले.
कटती किती धरू, म्हणे गुणवंता.

त्या रात्री जेवलो नाही.
दुसऱ्या रात्री दोन रात्रींचं जेवलो.

वच्छी म्हणाली, असं नसते बाप्पा,
पाझरत्या घागरीवाणी हळू उतरू दे.
मग ज्वारीच्या भाकरी, दोनच,
अंबाडीची भाजी,
तेल पळीनं नाही, चमच्यानं.
गाडी पोराला देऊन टाकली.
जिनिंग साडेतीन किलोमीटर, पांधणीनं,
पऱ्हाटीच्या कडेकडेनं पायी.
पहिल्या महिन्यात दीड किलो.
चपलाच जास्त झिजल्या.

साळ्याच्या पोरीच्या लग्नात रोडगे खाल्ले,
वांग्याची भाजी. मोजलं नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पांधण.

आता तिसरा उन्हाळा.
पट्ट्याला तापल्या खिळ्यानं पाडलेली चार भोकं.
गुणवंता तर्रीपोह्याची प्लेट सरकवतो,
अर्धी मी खातो, अर्धी तो.
काट्यावर फारसा चढत नाही.

टेकाडाच्या चढावर
ज्या दगडावर मी धापा टाकत बसायचो,
तिथं आजकाल
एक सरडा बसलेला असतो.