मांडणीत नदी नसते

तीन दिवस झाले, पट्टीच्या जागी
एक राखाडी चौकोन.
मधोमध माझ्या क्लासचं नाव,
बिऱ्हाड गेल्यावर दारावर राहिलेल्या पाटीसारखं.

प्रोग्रॅम चालवला की सगळं ठीक.
निळा रंग फुटाफुटानं चढतो,
चाळीसला पिवळा, पंचेचाळीसला लाल.
पण मांडणीच्या कॅनव्हासवर ओढून आणलं
की मुका.

काय काय केलं ते सांगत नाही.
बरं, सांगते.
लायब्ररी चुकीच्या फोल्डरात होती, हलवली.
कंपायलर दुसराच निघाला, पुन्हा बांधली.
नावातलं एक अक्षर कॅपिटल होतं,
त्यात अख्खा मंगळवार गेला.
सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं,
मग लॅपटॉप,
मग मीच जरा विश्रामबागेच्या चौकापर्यंत जाऊन आले.
एप्रिल. डांबर चपलेला चिकटत होतं.

चारच्या सुमारास शिकलगारमामा जिना चढून आले.
आयर्विन पुलाच्या खांबावरची पट्टी
एकतीस पावसाळे वाचलेला माणूस.
पॅनल त्यांनी बघून पास करायचं, असं ठरलेलं.
चष्मा कपाळावर सरकवून चौकोनापाशी वाकले.
"पट्टी कुठाय?"
आहे मामा, इथं दिसत नाही.
"आणि पाणी?"

मी हसले.
मग हसायची थांबले.

हा बेटा जन्मल्या जन्मल्या
पुलावरच्या सेन्सरला आकडा विचारतो.
कॅनव्हासवर कुठला पूल, कुठली कृष्णा.
कुणी उत्तर देत नाही,
आणि उत्तर आलं नाही तर काय,
तिथं मी महिन्यापूर्वी घाईत
नुसती कंसाची जोडी टाकून ठेवलेली. आत काही नाही.
चूक गिळून गप्प बसायचं
मीच शिकवलं होतं त्याला.

दुरुस्ती दोन ओळींची:
मांडणी चालू असेल तर नदीला विचारू नको,
हा आकडा धर.

कुठला?
बोटं आपोआप त्या वर्षीच्या आकड्यावर गेली.
पहिला अंक उमटला, दुसरा उमटला,
आणि मामांचा हात की-बोर्डवर आडवा आला.
"तो नको."
खोटाच आहे मामा, फक्त मांडणीपुरता.
"खोटासुद्धा नको.
आठ घाल. आठाला पोरं घाटावरनं उड्या मारत्यात."

आठ घातला.
सेव्ह, बिल्ड,
चौकोन एकदा लुकलुकला
आणि तळाशी निळ्याचा एक पातळ थर येऊन थांबला.
वरचा सगळा खांब कोरडा.

मामांनी भडंगाचा पुडा सोडला, मूठभर मला दिलं,
आणि नोंदवहीत लिहिताना म्हणत असतील तसं
सावकाश म्हणाले, "आठ फूट."
मग पुन्हा वाकले.
"अक्षर मोडलंय बघ."

खरंच.
'फ'चा ऊकार सुटून
ठिपक्यांच्या वर्तुळाखाली एकटाच लोंबत होता.

तो उद्या.