वजा

गुजरीत मोड घेताना
आधी मीन्यावर हातोडी चालते.
हिरवा उडतो, निळा उडतो,
उरते ती चांदी काट्यावर चढते.
पावतीवर लिहितात : मीना वजा, चार ग्रॅम.
चाळीस वर्षं मी जे केलं
त्याचं हे हिशेबातलं नाव.

कस्तुरी शिकायला आली तेव्हा तिला हे सांगितलं नाही.
रेंदाळची पोर, बाप गुऱ्हाळावर गुळव्या,
हातावर उसाच्या पात्यांचे चरे.
महिनाभर तिला नुसता खल दिला.
काच वाटायची, पाणी घालायचं,
दुधासारखं वर येईल ते ओतून द्यायचं,
पुन्हा वाटायचं.
सात पाणी झाली की म्हणायची, झालं की आता.
मी म्हणायचे, ऐक.
नदीच्या वाळूसारखा वाजला पाहिजे दाणा.
पीठ झालं तर रंग आंधळा होतो.

मलाही दस्तगीर वस्तादांनी असंच बसवलेलं.
खलातली चिमूट दोन बोटांत धरून
कानाशी चोळायचे, डोळे मिटून.
बाईमाणसाला मीना शिकवताय व्हय, कुणी विचारलं
तर म्हणायचे, भट्टीला विचार. तिला चालतंय.

पांढरा आधी, लाल शेवटी.
ज्याला आच जास्त सोसते त्यानं पहिल्यांदा आत जायचं.
लाल लाडावलेला, चांदीवर तर नवसाचाच :
एका श्वासाचा उशीर
आणि कावीळ झाल्यासारखा बाहेर येतो.

पण भट्टीपुढं कस्तुरीला सांगायला
माझ्याकडं शब्दच नव्हते.
वस्ताद फक्त खांद्याला हात लावायचे. आता.
आता म्हणजे कधी,
ते माझ्या खांद्यात आहे, तोंडात नाही.
नव्या भट्टीला मीटर आहे, त्यावर आकडा दिसतो,
पण आकडा 'काढ' म्हणत नाही.

एक दिवस तीच म्हणाली, मावशी,
आधी साखरेगत रवाळ दिसतंय,
मग साय सुरकुततीया तसं,
मग एकदम सपाट, तोंड दिसंल असं.
तवाच काढायचं नव्हं?
आमचा बाबा काहील उतरवतो
ती बी असलीच येळ असती.
मी तिच्याकडं बघतच राहिले.
बोलण्याच्या नादात त्या दिवशीचं लाल पान
पिवळं पडलं, ते वेगळं.

परवा दोघी गुजरीत गेलो होतो.
कुणीतरी मोडीला पैंजण टाकले होते,
पेठ्यांवर मोर, मोराच्या डोळ्यात
पांढऱ्याचा एक जादा ठिपका.
तो ठिपका वस्तादांशिवाय कुणी देत नसे.
शेटच्या पोरानं हातोडी उचलली.
मी म्हटलं, टवके तेवढे द्या.
न्या की, म्हणाला, तसाही कचराच.
कागदाच्या पुडीत बांधून दिले, फुटाण्यासारखे.
कस्तुरीनं पावती वाचली.
बिनखांबी गणपतीपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली, म्हणजे आपलं काम वजाच होतंय?
मी म्हटलं, होय.
दुसरं काय सांगणार होते?

पातळ पत्र्याला पाठीकडूनही मीना लागतो,
नाहीतर भट्टीत पत्रा पापडासारखा उचलतो.
पाठीला कुठलाही रंग चालतो,
उरलासुरला, खलाच्या तळाचा.
काल बघते तर हिनं न विचारता
पुडी खलात ओतलेली.
एक पाणी, दोन पाणी, सात.
चिमूट उचलून कानाशी नेली, डोळे मिटले.
हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

भट्टीतून आला तो रंग
हिरवाही नव्हता, निळाही नव्हता.
गिऱ्हाईक काही उलटून बघत नाही.
मी दोनदा बघितलं.
निवल्यावर तिनं पदक काट्यावर ठेवलं
आणि माझ्या वहीत, तारखेपुढं, लिहिलं :
मीना जमा, दोन ग्रॅम.

अक्षर अगदीच वाईट आहे पोरीचं.