निवलेलं पाणी

होशिनोच्या दरीत मे महिन्यात
उन्हालाही परवानगी लागते.
मळ्यांवर भाताच्या पेंढ्याचं छप्पर.
वीस दिवस पान अंधारात बसतं,
कडूपणा विसरतं म्हणतात,
आणि हिरवं होता होता जवळजवळ निळं होतं.

माझे वडील तोकुसाबुरो, चहाचे पारखी.
जीभ छप्पन्न वर्षं कामावर आहे.
लसूण नाही, सिगारेट नाही.
आईला निरोप दिला त्या दिवशीच्या जेवणातही
त्यांनी आलं निवडून बाजूला ठेवलेलं
मी पाहिलं आहे.

उत्तरेच्या खिडकीशी त्यांचं टेबल.
काळ्या ताटांत सुकं पान:
सुईसारखं वळलंय का,
तेलाचा हात फिरल्यासारखं चमकतं का,
मुठीत घेतलं तर वजन लागतं का.
मग पांढऱ्या वाडग्यांत चिमूट चिमूट
आणि वरून खळखळतं पाणी,
थेट.

लहानपणी मी विचारलं होतं,
असा चहा कुणी पितं का?
"हा प्यायचा नाहीच," ते म्हणाले.
"उकळत्या पाण्यात पानाला काही लपवता येत नाही.
भट्टीचा धूर, खुडणाऱ्याची घाई,
गोदामात काढलेली एखादी ओली रात्र,
सगळं कबूल करतं."
जाळीच्या पळीने पानं उचलून हुंगायची,
घोट घ्यायचा, मोठ्याने सुर्रकन,
आणि थुंकायचा.
चौदातले अकरा बाद.

मीही त्याच टेबलाशी वाढले.
गणिताचे गुण, केसांची लांबी,
कुरुमेचा तो शिगेहारु, त्याची मोटरसायकल,
सगळ्यावर तेच पाणी.
एकोणिसाव्या वर्षी निघून गेले
थेट साप्पोरोला.
तिथे मी कॉफी प्यायला शिकले.
तिथे कुणी कुणाला हुंगत नसे.

यंदा परत आले.
दोन बॅगा, एक मोडलेलं लग्न,
आणि विमानतळावर घेतलेली बिस्किटं,
जी त्यांनी उघडली नाहीत.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी तीन डबे मांडले.
एकावर बक्षिसाची सोनेरी चिठ्ठी,
एक चुलतकाकांच्या मळ्यातला,
एकावर काहीच लिहिलेलं नाही.
"निवड."
माझा हात परीक्षेतल्यासारखा घामेजला.
मी बिनचिठ्ठीचा उचलला,
खरं सांगायचं तर डबा आवडला म्हणून.

ते काही बोलले नाहीत.
किटलीतलं पाणी वाडग्यात ओतलं,
त्यातून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात.
दर वेळी दहाएक अंश उतरतात.
थर्मामीटर त्यांनी कधी घेतला नाही.
वाडगा दोन्ही तळव्यांत धरून बसले,
पाखरू धरावं तसे,
पोळेनासं होईपर्यंत.

बिनकानाची चहादाणी, मुठीत मावेल एवढी.
पानं सढळ हाताने, पाणी जेमतेम बुडतील एवढंच.
झाकण.
बाहेर बेडूक. शेजारी कुणीतरी टीव्ही लावला, बंद केला.

मग ओतणं: थोडं त्यांच्या कपात, थोडं माझ्या,
पुन्हा त्यांच्या, पुन्हा माझ्या.
शेवटचे थेंब मनगटाच्या झटक्याने,
आणि अगदी शेवटचा
माझ्या कपात.

तीन घोट असतील नसतील.
दाट. समुद्री शेवाळाच्या रश्शासारखा,
मग गोड, मग बराच वेळ गोड.
कडू कुठेच नव्हतं.
मी शोधत राहिले, सवयीने.

"चांगलं निवडलं का मी?"

"धूर लागलाय त्याला," ते म्हणाले.
"मी एप्रिलमध्येच पाहिलं होतं. उकळत्यात लगेच कळतं."

"मग?"

"मग पाणी निववायचं."

उरलेली पानं फेकली नाहीत.
बशीत काढून वर सोया सॉसचे दोन थेंब टाकले,
चॉपस्टिक्सने अर्धी माझ्याकडे सरकवली.
पालेभाजीसारखी लागली, कोवळी,
आणि हो, अगदी मागे
एक बारीकसा धूर.

उद्या लिलावाआधीचे सव्वीस वाडगे लावायचेत.
उठता उठता म्हणाले,
पाचला उठ.
किटली तू सांभाळ.