पंच नंबर दोन

तासगाव ठाण्यात माझी तिसरी रात्र.
माझ्या कादंबरीतला फौजदार
दोनशे बारा पानं
नुसता जळजळीत बघत आलाय.

हवालदार सुगंधा वायदंडे
स्टेशन डायरीत वेळ टाकतात,
मान वर न करता विचारतात,
"तुमचा साहेब जेवतो कधी?"
मी वही चाळतो. कुठंच नाही.
"पित्त असणार मग त्याला. ते लिहा."

पहाटे फोन. सावळजच्या वाटेवर विहीर.
बेदाण्याच्या शेडवरचा हमाल, तीन दिवस बेपत्ता.
बाईंनी नाकाखाली बाम चोळला,
डबी मागं माझ्याकडं दिली.

काठावर एकच चप्पल, डाव्या पायाची,
अंगठ्याला तार बांधलेली.
मी विचारणार होतो,
अशा वेळी काय वाटतं तुम्हाला?
त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं.
"ताणून धरा. ढिली नको."
कठड्यापासून चपलेपर्यंत
चार फूट दोन इंच.

पंच व्हायला गावातला एकच म्हातारा आला.
बाई माझ्याकडं बघत राहिल्या.
नाव, वय, राहणार सांगली.
धंदा?
लेखन, म्हणालो.
पेन जरा थांबलं,
मग त्यांनी लिहिलं : खाजगी नोकरी.

"पंचनामा वाचून पाहिला, तो बरोबर आहे."
त्याखाली माझी सही,
वळणदार, पुस्तकावर करतो तशी.
लाज वाटली.

जीपमध्ये त्यांच्या मांडीवर डबा, रात्रीचा.
झाकण उघडलं, परत लावलं.
"खात का नाही?"
"हाताचा वास गेला की."